सोन्या बाळ्याच्या डावीकडे

अंतिम फेरीत तीन जोड्या होत्या. एकीने एक उत्तर दिलं, दुसरीने दोन दिली आणि तिसरीने सांगितलं की उत्तर निघतच नाही. कोडं मी तयार केलेलं, परीक्षकही मीच. तिघांचे कागद पुन्हा पुन्हा तपासले, पण चूक एकाचीही सापडेना. तेव्हा कळलं की चूक माझ्या कागदावर आहे, आणि तीही एकाच शब्दात.

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात एक ड वर्गातलं सार्वजनिक वाचनालय आहे. ते मी चालवते. तीन वर्षांपूर्वी तान्ह्या पोळ्याला वाचनालयातर्फे कोड्यांची स्पर्धा ठेवायचं ठरलं. विदर्भाबाहेरच्यांसाठी थोडं सांगते. श्रावणी अमावास्येला पोळा झाला की दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरांचा पोळा असतो, तोच तान्हा पोळा. पोरं लाकडी नंदी सजवून तोरणाखाली आणतात, मग घरोघरी फिरून बोजारा गोळा करतात. कुणी पैसे देतं, कुणी वही, कुणी बिस्किटाचा पुडा. मोठ्या पोळ्यात तोरणाखाली झडत्या म्हणायची पद्धत आहे. एकाने टाकायची, दुसऱ्याने तोडीस तोड उत्तर द्यायचं. सवाल-जवाबाची हौस गावाला आधीपासूनच होती. मला वाटलं, त्यात तर्काची कोडी घुसवली तर खपून जातील.

झडती किंवा आजीच्या तोंडचं कोडं वेगळं असतं, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ‘पाटीलबुवा राम राम, दाढीमिशा लांब लांब’ याचं उत्तर मक्याचं कणीस आहे. ते माहीत असतं, नाहीतर एकदम सुचतं. ते सिद्ध करावं लागत नाही आणि कुणी दुसरं उत्तर दिलं तर फार तर हसू होतं. तर्काच्या कोड्यात उत्तर माहीत असून चालत नाही, ते फक्त कागदावरच्या वाक्यांतून निघालं पाहिजे. म्हणजे वाक्य हा स्पर्धक आणि मी यांच्यातला करार झाला. तो मी घाईत लिहिला.

दोघांची जोडी, वयाची अट नाही, असा नियम होता. अठरा जोड्या आल्या. पहिल्या दोन फेऱ्या मजेत पार पडल्या, त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. अंतिम फेरीचं कोडं मात्र जसंच्या तसं देते:

तान्ह्या पोळ्याला चिंगी, बाळ्या, मुन्नी आणि सोन्या एका ओळीत उभे आहेत. प्रत्येकाच्या पुढ्यात एक नंदी आहे. एक पांढरा, एक काळा, एक लाल, एक पिवळा.
१. उजव्या टोकाचा नंदी पिवळा आहे.
२. चिंगीचा नंदी पांढरा आहे.
३. काळा नंदी सोन्याचा आहे.
४. मुन्नीचा नंदी पिवळा नाही.
५. लाल आणि काळा नंदी शेजारी-शेजारी नाहीत.
६. सोन्या बाळ्याच्या डावीकडे उभा आहे.
तर डाव्या टोकाला कोण उभं आहे?

ज्यांना सोडवायचं असेल त्यांनी इथे थांबावं.

चिंगीचा पांढरा, सोन्याचा काळा. उरले लाल आणि पिवळा, ते मुन्नी आणि बाळ्याचे. मुन्नीचा पिवळा नाही, म्हणजे तिचा लाल आणि बाळ्याचा पिवळा. पिवळा उजव्या टोकाला, म्हणून बाळ्या तिथे. डावीकडच्या तीन जागांत मुन्नी, चिंगी आणि सोन्या. लाल-काळा शेजारी नाहीत, म्हणून मुन्नी आणि सोन्याच्या मध्ये चिंगीच हवी. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. आता दोनच रांगा उरतात: मुन्नी-चिंगी-सोन्या-बाळ्या, नाहीतर सोन्या-चिंगी-मुन्नी-बाळ्या. सहाव्या क्लूने यातली पहिली निवडली जाते आणि उत्तर येतं मुन्नी. निदान माझ्या डोक्यात तरी असंच होतं.

पहिली जोडी वर्धेला कॉलेजात जाणाऱ्या दोन पोरांची. चार मिनिटांत त्यांनी ‘मुन्नी’ लिहून कागद दिला. मी उत्तर पाहिलं आणि उत्साहाच्या भरात माईकवर त्यांना विजेते जाहीर करून टाकलं. बाकी दोघांचे कागद तेव्हा हातात आलेही नव्हते. ही चूक वेगळीच, तिच्यावर फार बोलत नाही.

दुसरी जोडी सत्तरीच्या एका आजींची आणि त्यांच्या सातवीतल्या नातीची. त्यांच्या कागदावर होतं ‘मुन्नी नाहीतर सोन्या’. मी म्हटलं, आजी, एकच उत्तर पाहिजे. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. “माय, इथं त ‘डावीकडे’ एवढंच लिवलं हाय. लागून हाय, असं कुठं लिवलं? बाळ्या पार टोकाले हाय. त्याच्या डावीकडे त सारेच हायेत.”

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. खरंच होतं. मला म्हणायचं होतं ‘लगेच डावीकडे’. ‘लगेच’ माझ्या मनात होतं, कागदावर नव्हतं. बाळ्या उजव्या टोकाला असल्यावर ‘सोन्या त्याच्या डावीकडे आहे’ हे वाक्य काहीच सांगत नाही, कारण तिघंही त्याच्या डावीकडेच असणार.

यावर कॉलेजची पोरं उसळली. त्यातला एकजण रोज पेपरातलं सुडोकू सोडवतो. त्याचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं. ‘कुठेतरी डावीकडे’ असा अर्थ घेतला तर सहावा क्लू फुकट जातो. कोडं घालणारा फुकटचा क्लू देत नाही, आणि कोड्याला उत्तर एकच असतं. म्हणून अर्थ ‘लगेच डावीकडे’ असाच घ्यायला हवा. सुडोकूत ही रीत रूढ आहे. तिथे एकच उत्तर असणं हा नियमच मानतात, आणि तरबेज लोक त्या नियमावरूनच आकडे खोडतात. त्या एकमेव उत्तरावर गणितज्ञांनीही डोकं घातलं आहे. २०१२ मध्ये आयर्लंडच्या गॅरी मॅग्वायर यांच्या गटाने संगणकाने तपासून दाखवलं की नेहमीच्या नऊ बाय नऊच्या सुडोकूत सुरुवातीला १७ पेक्षा कमी आकडे दिले तर उत्तर एकच राहत नाही.

पण सुडोकूत नियम आधी माहीत असतो. आमच्या कागदावर ‘या कोड्याला एकच उत्तर आहे’ असं कुठेही छापलं नव्हतं. आजींनी आयुष्यात सुडोकू पाहिलेलं नाही. न छापलेला नियम त्यांनी का पाळावा? शिवाय पोराचा युक्तिवाद कोड्याबद्दल नव्हताच, तो माझ्याबद्दल होता. मी कशी विचार करत असेन हे त्याने ओळखलं आणि बरोबर ओळखलं. ती हुशारी आहे, पण आमची स्पर्धा तिची नव्हती.

तिसरी जोडी गावातले वाढई (सुतार) काका आणि त्यांचा पुतण्या. गावातल्या निम्म्या पोरांचे नंदी काकांनीच घडवलेले. ते इतका वेळ गप्प होते, कागदावर काट मारून बसलेले. विचारलं तर म्हणाले, “काहून जी ताई, बाळ्याच्या डाव्या हाताले त कोनी दिसूनच नाही राह्यलं.”

काय म्हणतायत ते मला कळेना. तेव्हा त्यांनी तोरणाखालची चार पोरं उचलून आमच्या समोर ओळीत उभी केली, तोंडं आमच्याकडे करून, आणि उजव्या टोकाच्या पोराला म्हणाले, “कर डावा हात वर.” पोराने हात वर केला. तो हात ओळीच्या बाहेरच्या बाजूला होता. त्याच्या पलीकडे कडुलिंबाचं झाड आणि त्याला बांधलेली एक शेळी. सोन्या तिथे उभा असेल तर पिवळा नंदी टोकाला राहत नाही. म्हणून उत्तर नाही.

“मी नंदी घडवतो तवा डावं म्हंजे नंदीचं डावं,” काका म्हणाले. “माझं नाही.”

सभेत हशा पिकला, पण काकांचं म्हणणं भाषेच्या बाजूने अगदी रास्त आहे. मराठीत ‘टेबलाच्या डावीकडे’ म्हटलं की बघणाऱ्याचं डावं, कारण टेबलाला तोंड नसतं. ‘बाळ्याच्या डावीकडे’ म्हटलं की बाळ्याचा डावा हात डोळ्यांसमोर येतो, कारण त्याला तोंड आहे, हात आहेत. शेतात हा घोळ कधी होत नाही. वखराच्या मागे चालणारा माणूस आणि पुढची जोडी यांची तोंडं एकाच दिशेला असतात, दोघांचं डावं एकच. समोरासमोर उभं राहिलं की मात्र डावं-उजवं उलटतं. आणि तोरणाखाली लेकरं कायम समोरच तोंड करून उभी असतात. प्रसंग निवडतानाच मी हा खड्डा खणून ठेवला होता.

पहिला क्लूही बाळ्याच्या बाजूने वाचला असता, म्हणजे ‘उजवं टोक’ पोरांच्या उजव्या हाताचं धरलं असतं, तर पूर्ण चित्र आरशासारखं उलटलं असतं आणि उत्तर पुन्हा जुळलं असतं. पण टोक ओळीचं असतं आणि डावीकडे माणसाची. काकांनी दोन्ही वाक्यं दोन सहज अर्थांनी वाचली आणि कोडं तिथेच मोडलं.

त्या संध्याकाळी माझ्याकडे राखीव कोडं नव्हतं. वाचनालयाचे अध्यक्ष म्हणाले, वाद नको, तिघांत वाटून टाकू. बक्षिसं १,५०१, १,००१ आणि ५०१ रुपयांची होती. बेरीज ३,००३. प्रत्येकी १,००१. निदान त्या हिशेबाला तरी एकच उत्तर निघालं. कॉलेजच्या पोरांचे ५०० रुपये गेले आणि त्यांनी ते तोंडावर बोलून दाखवलं. त्यांना रागवायचा मला काही हक्क नव्हता.

नंतर मी यावर बरेच दिवस विचार केला. वाटून देणं बरोबर होतं असंच आजही मला वाटतं, पण ‘वाद नको’ म्हणून नाही. वाक्याला तीन अर्थ होते, प्रत्येक जोडीने एक अर्थ घेतला आणि त्यापुढे कुणाचंही पाऊल चुकलं नाही. ‘वाद नको’ म्हणून पैसे वाटले की गावाला वाटतं, ताईने सगळ्यांना खूश केलं. खरं कारण माईकवर सांगायला हवं होतं. ते सांगायला मला पुढच्या वर्षीचा तान्हा पोळा उजाडावा लागला.

आता मुद्दा हा की हे आधी का सापडलं नाही. मी कोडं दोनदा तपासून घेतलं होतं. एकदा नवऱ्याकडून, एकदा भावाकडून. दोघांनी ‘मुन्नी’ सांगितलं आणि मी निर्धास्त झाले. पण कोडं रचताना मी बाटल्यांची चार झाकणं टेबलावर मांडली होती, आणि दोघंही त्या टेबलाच्या आसपासच होते. त्यातून मी रचलं होतं उलट्या बाजूने: आधी रांग ठरवली, मग ती बघत बघत क्लू लिहिले. असं केलं की प्रत्येक क्लू खरा असतो, कारण समोरच्या चित्रात तो दिसतोच. खरा असणं वेगळं आणि पुरेसा असणं वेगळं. मी सहाही क्लू खरे आहेत का एवढंच बघत होते. ते सहा मिळून बाकी सगळ्या रांगा मोडतात का, हे पाहिलंच नाही.

ते पाहायला फार वेळही लागला नसता. चार पोरांच्या रांगा चोवीस. बाळ्या टोकाला पक्का झाल्यावर सहाच उरतात. वहीच्या एका पानावर सहा ओळी लिहायच्या, पाचव्या क्लूने चार खोडायच्या, उरलेल्या दोघींना सहावा क्लू लावून बघायचा. कागदावर जेवढं लिहिलं आहे तेवढंच धरून. पाच मिनिटांचं काम होतं, आणि मी ती पाच मिनिटं तोरणाला झेंडूची फुलं कमी पडतील का या काळजीत घालवली.

पाच घरांच्या त्या प्रसिद्ध कोड्याची मूळ हकीकत मला यानंतर वाचायला मिळाली. झेब्रा कोणाचा, पाणी कोण पितं, असं विचारणारं ते कोडं. आइन्स्टाइनने लहानपणी केलं म्हणून ते व्हॉट्सॲपवर फिरत असतं, पण तसा काहीच पुरावा नाही. ते १९६२ च्या डिसेंबरमध्ये ‘लाइफ इंटरनॅशनल’ या मासिकात छापून आलं होतं. त्यातल्या एका क्लूमध्ये हिरवं घर हस्तिदंती घराच्या ‘लगेच उजवीकडे’ आहे. आणि कोडं संपल्यावर संपादकांनी खाली मुद्दाम लिहिलं आहे की या क्लूमधलं उजवं म्हणजे वाचणाऱ्याचं उजवं. ‘लगेच’ही आहे आणि कोणाचं उजवं तेही आहे. आमचे वाढई काका आणि आजी त्या मासिकाच्या कचेरीत जाऊन आले असावेत, असं मला क्षणभर वाटलं.

दुरुस्ती करायला बसले तेव्हा आधी ‘लगेच’ घालणार होते. मग विचार केला, डावं-उजवं हवंच कशाला? आमच्या गावात वाट सांगतानाही कोणी उजवी-डावी सांगत नाही. उगवतीकडे जा म्हणतात, मावळतीकडे जा म्हणतात. सूर्य कुणाकडे पाठ करून उभा राहत नाही. म्हणून पहिला क्लू झाला ‘उगवतीच्या टोकाचा नंदी पिवळा आहे’, सहावा झाला ‘सोन्या आणि बाळ्या यांच्यामध्ये दुसरं कोणी नाही’, आणि प्रश्न झाला ‘मावळतीच्या टोकाला कोण?’

कोडं घेऊन आजींकडे गेले. त्यांची नात एकेक क्लू बोटाने झाकून सोडवून बघत होती. ती म्हणाली, चौथा काढला तरी उत्तर तेच येतं. मी म्हटलं, नाही येणार. तिने समजावून सांगितलं. बाळ्याचा लाल आहे असं धरू. सोन्याचा काळा, आणि दोघं लागून उभे. मग लाल-काळा शेजारी आले, ते चालत नाही. म्हणून बाळ्याचा लाल असूच शकत नाही. मुन्नीचा पिवळा नाही हे सांगायची गरजच नव्हती.

रात्री मीही झाकून पाहू लागले. तिसरा क्लूही, म्हणजे काळा सोन्याचा, काढता येतो! चिंगी सोडून तिघांकडे लाल, काळा, पिवळा. पिवळा मुन्नीचा असेल तर लागून उभ्या सोन्या-बाळ्याकडे लाल आणि काळा येतात, ते मना आहे. म्हणून पिवळा त्या दोघांपैकी एकाचा, तो उगवतीच्या टोकाला, दुसरा त्याला लागून. त्या दुसऱ्याकडे आणि मुन्नीकडे लाल-काळा वाटले गेलेत, तेव्हा मुन्नी त्याच्या शेजारी येऊ शकत नाही. मध्ये चिंगी, मावळतीच्या टोकाला मुन्नी. कोणाचा काळा आणि कोणाचा लाल हे कळलंच नाही, तरी उत्तर पक्कं! सहाचे चार क्लू उरले, आणि त्या चारांतला एकही काढला की उत्तर डळमळतं. सहावा क्लू बदलला म्हणून कोडं आखूडही झालं आणि खोलही. (लहान गटाला मात्र मी सहाही क्लू देते. जास्तीचा क्लू हा दोष नाही. नवख्याला तो आधार असतो.)

पुढच्या वर्षी पद्धत बदलली. कागदाच्या माथ्यावर छापलं: ‘या कोड्याला एकच उत्तर आहे. दुसरं सापडलं तर तेही लिहा, पूर्ण गुण मिळतील.’ राखीव कोडी दोन. आणि तपासायला देताना ‘सोडवा’ म्हणायचं सोडलं. ‘माझं उत्तर हे आहे, दुसरं काढून दाखवा, किलोभर शेंगदाणे देईन’ असं म्हणू लागले. ‘सोडवा’ म्हटलं की माणूस पहिलं उत्तर मिळालं की थांबतो. शेंगदाण्यासाठी तो थांबत नाही.

शेंगदाण्यांनी मला काय काय दाखवलं! ‘सगळे नंदी लाल नाहीत’ याचा अर्थ एकही लाल नाही, की काही आहेत, काही नाहीत? ‘मुन्नीला पेन किंवा वही मिळाली’ म्हटलं तर दोन्ही मिळाली असतील का? ‘एक दिवस सोडून’ म्हणजे बुधवारनंतर शुक्रवार, यावरही आमच्या पारावर एकमत झालं नाही. भाजीबाजाराच्या कोड्यात मी ‘सांबार पालकाच्या शेजारी’ लिहिलं होतं. शेजारची नवी सून पुण्याकडची आहे. ती बराच वेळ विचार करत बसली की भाजीच्या दुकानात इडलीबरोबरचं सांबार कसं आलं. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. क्लूमध्ये आता मी कोथिंबीर लिहिते, जरा जीवावर येतं, पण लिहिते.

आजी आता स्पर्धेत उतरत नाहीत, तपासनीस झाल्या आहेत. नात वाढई काकांच्या पुतण्याबरोबर जोडी करते. यंदाच्या अंतिम कोड्याचा मसुदा मागच्या आठवड्यात आजींकडे दिला. त्यात एक वाक्य होतं, ‘रमाने सोन्याच्या आधी नंदी रंगवला’. काल कागद परत आला. ‘आधी’खाली पेन्सिलीने रेघ आणि बाजूला नातीच्या अक्षरात आजींचा प्रश्न: लगेच आधी, का कवातरी आधी? आणि त्याखाली: शेंगदाणे भाजून पाठवजो.